मोजून पाणी

मी लोणीची म्हटलं की पुण्यातली माणसं लगेच विचारतात, "प्रवरेचं लोणी का? तिथं तर केवढं मोठं हॉस्पिटल आहे." ते नव्हे. मग "लोणी काळभोर?" तेही नव्हे. आंबेगाव तालुक्यातलं, धामणीच्या शेजारचं लोणी. आमच्याकडं नावं जोडीनंच घेतात, लोणी-धामणी. तालुक्याच्या पश्चिमेला भीमाशंकर, तिथं पावसाळ्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. पूर्वेला आम्ही. डिंभे धरण आमच्याच तालुक्यात, कुकडी प्रकल्पाचं पाणी पार करमाळ्याकडं जातं, पण आमचं शिवार पडलं उंचावर. उपसा सिंचनाची मागणी मी शाळेत होते तेव्हापासून ऐकतेय. उन्हाळ्यात टँकर यायचा, विहिरीत पाणी सोडायचा, आणि मग जिचा पोहरा आधी तिचा हंडा आधी. माझ्या आजीला पाण्याचं माप नजरेनं कळायचं. कुणी तांब्या काठोकाठ भरून घेतला की म्हणायची, "लागंल तेवढंच घे. उरलेलं पायावर वतशील."

आजीची आठवण यायचं कारण असं, की मी आता पाण्याच्याच धंद्यात आहे. डायलिसिस टेक्निशियन. पुण्यात दोन वर्षांचा डिप्लोमा केला, थोडी वर्षं शहरात काढली आणि मग मंचरच्या बाजूच्या एका सेंटरवर आले. सगळे मला सिस्टर म्हणतात. मी नर्स नाही हे सुरुवातीला सांगून बघितलं, मग सोडून दिलं.

आमच्या मशीनला लागणारं पाणी आधी आर.ओ.तून काढावं लागतं, म्हणजे त्यातला क्षार जातो. त्यात औषधी मीठ-सोडा मिसळून तो द्रव मिनिटाला अर्धा लिटर या वेगानं पेशंटच्या रक्ताशेजारून वाहतो, मध्ये फक्त पातळ पडदा. चार तासांचे होतात 120 लिटर. आर.ओ.त वाया जाणारं वेगळंच. आणि ज्याच्यासाठी हे 120 लिटर गटारात जातं तो माणूस दिवसभरात सहाशे-सातशे मिली पाणी पितो. त्यात चहा आला, ताक आलं, आमटी आली, गोळी गिळतानाचा घोटही आला. लघवी होते तेवढं आणि वर अर्धा लिटर, असा साधारण हिशेब डॉक्टर देतात. बहुतेकांची लघवी हळूहळू थांबतेच, मग उरतो अर्धा लिटर आणि थोडं इकडंतिकडं.

आमच्याच भागातले एक अण्णा, माळकरी, वय साठीच्या पुढं. पहिल्या दिवशी मशीनच्या मागून गटाराकडं जाणारी नळी बघत पडून होते. तिसऱ्या तासाला मला बोलावलं. मला वाटलं बीपी पडलं. म्हणाले, "पोरी, हे पाणी कुठं जातं?" सांगितलं. "एवढ्यात आमच्या वस्तीचं दोन दिवस भागलं असतं," म्हणाले आणि डोळे मिटले. बाजूच्या खाटेवरच्या मावशी हसल्या. "आपण प्यायचं न्हाई ना अण्णा, मग मशीन पितं आपल्या वाटचं." त्या खोलीत अण्णा पहिल्यांदा हसले ते त्या वाक्याला. मी सकाळपासून त्यांना तक्ता दाखवून सोडियम-पोटॅशियम समजावत होते, ते त्यांनी मान डोलावून ऐकून घेतलं होतं, एवढंच.

ही मावशी कोण, ते सांगायला हवं. आमच्याकडं सात मशीन आहेत, खिडकीकडची तिसरी खाट तिची. मी तिथं लागले त्याच्या आधीपासून ती येतेय. शेतमजुरी केलेली बाई, शाळेचं तोंड बघितलेलं नाही, पण स्वतःचं ड्राय वेट तिला दशांशासकट पाठ. ड्राय वेट म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन. एक लिटर पाणी प्यालं तर काटा एक किलो वर जातो, तिथं लपवाछपवी नसते. दोन खेपांच्या मधलं वजन तीन-साडेतीन किलो वाढलेलं असलं की तेवढं चार तासांत ओढताना पायात गोळे येतात, बीपी धाडकन खाली येतं, माणूस ओरडतो. मावशी कधी दीड किलोच्या वर आलेली मला आठवत नाही.

2019 मध्ये एक पिकअपचा ड्रायव्हर आला, सव्वीस वर्षांचा. नारायणगावच्या बाजारातनं टोमॅटो, मंचरातनं तरकारी भरायची आणि रातोरात वाशी गाठायची, हे त्याचं काम. डोकं दुखतंय म्हणून मेडिकलमधून गोळ्या घेत राहिला, बीपी कधी मोजलंच नाही. कळलं तेव्हा दोन्ही किडन्या गेलेल्या. मानेत तात्पुरती नळी घालून त्याला आमच्याकडं पाठवलेला. मशीन जोडताना त्याचा हात थरथरत होता आणि मी म्हणाले, "काही होत नाही रे, घाबरू नकोस."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मान भिंतीकडं वळवली. मानेत नळी असताना मान वळवायची नसते, मशीनचा अलार्म वाजला.

अलार्म बंद केला, नळी सरळ केली. तेवढ्यात मावशी तिच्या खाटेवरून म्हणाली, "आरं, हिला काय माहीत? ही हुबी हाय." मग त्याला म्हणाली, "तुझा हात इकडं दे." दोन खाटांमध्ये दीड हाताचं अंतर. त्यानं हात लांब केला. तिचा डावा हात मशीनला जोडलेला होता, उजव्या हातानं तिनं त्याचं बोट धरलं आणि डाव्या कोपराच्या खाली, सुयांच्या जरा अलीकडं ठेवलं. फिस्टुलाचा हात ज्यानं बघितलेला नाही त्याला सांगते. धमनी आणि शीर शिवून एकत्र करतात, मग शिरेत रक्त जोरानं यायला लागतं आणि ती दोरखंडासारखी फुगते. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी 1966 साली ही युक्ती जगापुढं मांडली, अजून तीच चालते. त्या शिरेवर बोट ठेवलं की आत भुणभुण लागते. आम्ही तिला थ्रिल म्हणतो.

"भुंगा हाय आत," मावशी म्हणाली. "सहा वर्सं झाली. रोज सकाळी उठल्यावर आधी हात लावून बघायचा, वाजतोय का. वाजतोय तवर आपलं चाललंय. तुझ्या हातात बी बसवतील. मग मानेतलं हे काढतात." थोडं थांबून म्हणाली, "सुई दुखती. पहिले दोन महिने लई दुखती. मग बी दुखती, पर मग आपल्याला ठावं असतं किती दुखणार ते."

मी "काही होत नाही" म्हणाले होते. ती "दुखती" म्हणाली. त्यानंतर तो झोपला.

माझ्या या कामाबद्दल मला जे काही ठामपणे सांगता येईल ते त्या दुपारपासून सुरू होतं. मी उभी आहे. सुई टोचणारी, मशीन लावणारी, घरी जाऊन दोन पेले गार पाणी घटाघटा पिणारी. माझ्या तोंडून पाणी कमी प्या हे वाक्य जितकं खरं तितकंच पोकळ. आडव्या माणसानं आडव्या माणसाला सांगितलेलं वेगळ्याच ठिकाणी जाऊन पोचतं. म्हणून मी तेव्हापासून नंबर लावताना खाटा बघते. नवीन माणूस कुणाच्या शेजारी टाकायचा, हा डॉक्टरांच्या कागदावर नसलेला माझा एक उद्योग आहे. रडणारा माणूस रडणाऱ्याशेजारी चालतो, हे मला आधी वाटलं नव्हतं. फार शहाणा माणूस मात्र कुणाच्याच शेजारी चालत नाही. यूट्यूब बघून आलेला एक मुलगा सबंध शिफ्टला भाषण द्यायचा, त्याला मी कोपऱ्यातल्या खाटेवर नेलं.

पाण्याची देवाणघेवाण तर विचारूच नका. अण्णांनी एका बाटलीवर मुलीच्या नेलपॉलिशनं रेघा ओढल्या होत्या, सकाळ, दुपार, संध्याकाळ, आणि एक रेघ "बाईच्या हातचा चहा" अशी. ड्रायव्हरनं बर्फाचा खडा चोखायची युक्ती काढली, पाण्यापेक्षा जास्त वेळ पुरतो. मावशीचं म्हणणं बर्फानं आणखी तहान लागते, तिची पद्धत चूळ भरून टाकायची आणि लिंबाची फोड जिभेला लावायची. हे वाद तासतासभर चालत. गंमत म्हणजे या वादात आमच्या लोणी-धामणीकडची माणसं जरा वरचढ असत. बागायतीतल्या, कालव्याकाठच्या माणसाला पाणी मोजायची सवय नसते, त्याला हे पथ्य फार जड जातं. "तुम्ही पाटाखालची माणसं," अण्णा म्हणायचे, "तुम्हाला तांब्या म्हणजे काय ते आत्ता कळतंय." टंचाईचा असा तोरा मिरवलेला मी दुसरीकडं कुठं बघितलेला नाही.

पोटॅशियमचं दुखणं आमच्या भागाला आणखी वेगळं. पथ्याची यादी वाचली की वाटतं कुणीतरी मुद्दाम आमच्या मुलखाकडं बघून लिहिली. टोमॅटो नको, तर इथं नारायणगावचा टोमॅटो. बटाटा नको, तर सातगाव पठारावर घरोघर बटाटा. केळी नको, शहाळं तर अजिबात नको, आणि आजारी माणसाला भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा हातात शहाळं घेऊनच येतो. रक्तात पोटॅशियम चढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, प्रसंगी थांबतात. हे मी रंगीत तक्ता काढून भिंतीला चिकटवलं होतं.

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ त्या तक्त्याच्या वरची निघाली. एक बाई आली, पायात जोर नाही, जीभ जड. ईसीजी काढला तर डॉक्टर पळतच आले. विचारलं काय खाल्लं, तर म्हणाली, "काहीच नाही, उपास होता." उपास म्हणजे काय? साबुदाण्याची खिचडी, त्यात बटाटा आणि दाण्याचं कूट. संध्याकाळी रताळी, खजूर, दोन केळी. आपला अख्खा उपास पोटॅशियमवर उभा आहे! ती वाचली, वेळेवर आली म्हणून. मी तिला रागावले, उपास सोडा म्हणाले. ती गप्प. बाईनं चाळीस वर्षं धरलेली एकादशी माझ्या सांगण्यावरून सुटणार नव्हती, ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

पुढच्या खेपेला अण्णांनी विषय काढला. माळकरी माणूस, त्यांच्या तोंडून ऐकायला ती तयार होती. "माझी एकादशी चाळीस नव्हे, पन्नास वर्सांची," ते म्हणाले. "पर मी विठोबाला सांगून टाकलंय. बाबा, आता माझा रोजच उपास. पाण्याचा. तू एक दिवस सांगतोस, मी तीनशेपासष्ट धरतो. तवा त्या एका दिवशी मला सूट दे." मग आवाज खाली आणून, व्यवहाराचं बोलावं तसं म्हणाले, "अगदीच राहवत न्हाई तर भगर खा मूठभर. शेंगदाण्याची आमटी मात्र न्हाई. नुसती भगर." त्या बाईनं पुढची एकादशी नुसत्या भगरीवर काढली. माझा तक्ता अजून भिंतीवर आहे, त्याचा एक कोपरा निघालाय.

बायकांचं आणखी एक, जे मला सुचलंच नसतं. फिस्टुलाच्या हातावर दाब चालत नाही. त्या हाताला बीपीचा पट्टा नको, सलाइन नको, त्या हाताची उशी करून झोपायचं नाही, त्या हातानं हंडा उचलायचा नाही. आणि घट्ट बांगड्या नकोत. हे मी सगळ्यांना छापल्यासारखं सांगते. एक तिशीची मुलगी ऑपरेशननंतर आली ती ओढणीत हात गुंडाळून. मला वाटलं टाके दुखतात. मावशीनं बरोबर ओळखलं. "सासू काय म्हणली?" एवढंच विचारलं तिनं, आणि मुलगी रडायला लागली. नवरा धडधाकट असताना हात मोकळा, गावात काय म्हणतील. मावशीनं स्वतःचा उजवा हात वर केला. कोपरापर्यंत हिरवा चुडा. "मोज," म्हणाली. "दोन्ही हातांच्या एकाच हातात भरल्यात. कासार म्हणला मावशी पडतील, मी म्हणलं पडू दे." मुलीनं खरंच मोजल्या. चौदा होत्या.

एका वर्षी आमच्याकडं एका संस्थेनं रुग्ण मेळावा घेतला. मागं बॅनर, पुढं सतरंजी, एक पाहुणे बोलायला. सकारात्मक विचारांवर पाऊण तास बोलले. मग माइक पेशंटांकडं दिला, कुणी तरी अनुभव सांगा म्हणून. कुणी बोललं नाही. ड्रायव्हर, जो खोलीत गप्प बसत नाही, तो माइक हातात घेऊन "सगळं चांगलं आहे" म्हणाला आणि खाली बसला. शेवटी सगळ्यांना मोठे कप भरभरून चहा आणि सोबत पाण्याची बाटली. पस्तीस किडनीवाल्यांना! अण्णांनी बाटली तशीच घरी नेली, रेघा ओढायला.

बोललेलं बोलणं कुठं उगवतं आणि कुठं नाही, यावर मी बराच विचार केलाय. ठरवून केलेले प्रयत्न फुकटच जातात असं मुळीच नाही. येरवड्याच्या मुक्तांगणमध्ये अनिल आणि सुनंदा अवचटांनी 1986 पासून जे उभं केलं त्यात व्यसनातून बाहेर पडलेलीच माणसं नव्या माणसाचा हात धरतात. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथं रुग्ण आणि घरची माणसं नियमानं भेटतात. तिथल्या माणसांना घर सोडून मुद्दाम यावं लागतं. आमच्या लोकांना यावंच लागतं, आणि चार तास उठता येत नाही. ही जबरदस्तीच बहुधा उपयोगी पडते. शेजारी कोण, हे निवडता येत नाही, जातगोत बघता येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या तासाला अंगातलं पाणी जाऊन माणूस हलका होतो आणि मग काहीबाही बोलतो. माइक त्या वेळी लागत नाही.

त्या बोलण्यात एक निवृत्त मास्तर होते. झेडपीच्या शाळेत हयात गेलेली, समाजवादी माणूस. त्यांनी एकदा जयप्रकाशांची गोष्ट सांगितली. 1975 च्या जूनमध्ये आणीबाणीत त्यांना पकडलं, चंडीगडला ठेवलं आणि तिथंच त्यांच्या किडन्या गेल्या. सुटल्यावर मुंबईत जसलोक हॉस्पिटलमध्ये आले, आणि पुढं मरेपर्यंत डायलिसिसवर राहिले. "म्हणजे आपल्यातलेच," मास्तर म्हणाले. "77 साली इंदिराबाईंचं सरकार पाडलं ना, ते डायलिसिसवर असताना पाडलं." खोलीत शांतता. ड्रायव्हरनं विचारलं, "आठवड्यातून किती वेळा होतं त्यांचं?" मास्तरांना ते माहीत नव्हतं, पण हसले. मग खरी गंमत सांगितली. 1979 च्या मार्चमध्ये जयप्रकाश जसलोकमध्ये असताना मोरारजींनी संसदेत जाहीर करून टाकलं की ते गेले. सभागृहानं श्रद्धांजली वाहिली. आणि हे इकडं जिवंत! गेले ते ऑक्टोबरात.

खोली हसून हसून बेजार झाली. मावशीला तर गोळा आला पायात, मला सलाइन सोडावं लागलं. "माझ्या भावकीनं बी मला आधीच वाहून ठेवलीय," ती म्हणाली. "वाटणीत माझ्या पोराचं नाव घालून मोकळे झाले." आणि मग एकेकानं सांगायला सुरुवात केली, कुणाला कुठं कसं आधीच मारून ठेवलंय. सोसायटीच्या कर्जाला जामीन राहायला कुणी तयार नाही, पोरीच्या सोयरिकीत बापाची मशीन आडवी येते, पारावर गेलं की लोक गप्प होतात. हे सगळं हसत हसत. मी कोपऱ्यात चार्ट भरत होते. उभ्या माणसापुढं त्यांनी हे कधीच काढलं नसतं, पण त्या वेळी ते मला विसरले होते.

डिप्लोमाला असताना आम्हाला सिएटलचं उदाहरण शिकवलं होतं. 1960 च्या सुमारास तिथं कायमचं डायलिसिस शक्य झालं, मशीन थोडी, माणसं फार. मग सात सामान्य नागरिकांची समिती नेमली, कुणाला मशीन द्यायची ते ठरवायला. लग्न झालंय का, मुलं किती, नोकरी काय, चर्चला जातो का, असं बघून. वर्गात आम्ही सगळ्यांनी नाकं मुरडली होती. आता वाटतं, आमच्याकडं ती समिती नाही इतकंच. 2012 पासून सरकारी योजनेत, आज जी महात्मा फुल्यांच्या नावानं चालते तिच्यात, डायलिसिसचे पैसे भरले जातात, 2016 नंतर केंद्राचाही कार्यक्रम आला. हे फार मोठं काम झालं, नाहीतर मावशी कधीच गेली असती. पण योजना सुईचे पैसे देते, रस्त्याचे देत नाही. आठवड्यातून तीनदा यायला हवं तिथं आमच्याकडं बरेचजण दोनदाच येतात, कारण एक खेप म्हणजे गाडीभाडं, बुडालेली रोजंदारी आणि सोबतीला येणाऱ्याचीही बुडालेली रोजंदारी. कोण किती जगणार ते आमच्याकडं एसटीचं वेळापत्रक ठरवतं.

ती एसटी 2020 च्या मार्चमध्ये बंद पडली. लॉकडाऊन लागलं आणि मला पहिली भीती लोणीकडच्या चौघांची वाटली. दोन खेपा चुकल्या तर फुप्फुसात पाणी भरतं, माणूस बसल्या जागी बुडतो. सोमवारी सकाळी सातला मी गेटवर उभी. आठच्या सुमारास पिकअप आली. तरकारीच्या गाड्यांना सोडत होते, ड्रायव्हरकडं तो पास होता. पुढं केबिनमध्ये अण्णा आणि मावशी, मागं हौद्यात कोबीच्या गोण्यांच्या आडोशाला आणखी दोघं, ताडपत्री पांघरून. नाक्यावर विचारलं तर मावशीनं खिडकीतून फिस्टुलाचा हात बाहेर काढून पोलिसालाच भुंगा दाखवला म्हणे. येताना ड्रायव्हर चालवायचा, जाताना डायलिसिसनंतर चक्कर येते म्हणून अण्णांचा मुलगा मोटारसायकलवर मागं मागं यायचा आणि परतीला स्टेअरिंग धरायचा. अडीच महिने असं चाललं. डिझेलचे पैसे कुणी किती दिले याची वही अण्णांकडं होती. एक खेप कुणाची चुकली नाही.

आता हे सगळं गोड गोड वाटेल, म्हणून दुसरी बाजूही. हीच माणसं एकमेकांना खड्ड्यातही घालतात. एकानं कुठला तरी काढा आणला, दोन महिने घेतला की मशीन सुटते म्हणून. बाटली खोलीत फिरली. दोघांचं पोटॅशियम चढलं, एकाला आयसीयूत न्यावं लागलं. मी ओरडले तर म्हणाले, "तुम्हाला काय, तुम्ही हुभ्या." मावशीचंच वाक्य माझ्या तोंडावर आलं, आणि त्या दिवशी ते चूक होतं. उभं असण्याचाही उपयोग असतो. खोलीत एकाला निराशा आली की ती सर्दीसारखी फिरते, दोघं-तिघं वजन वाढवून येतात, अर्ध्यातून मशीन काढायला लावतात. किडनी बदलायचं निघालं की वेगळंच. घरातनं किडनी कोण देतं? मी बघितलेल्यांत आया आणि बायकाच जास्त. एका बापाला बायकोनं किडनी दिली आणि तो खोलीतून सुटला, तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले, पथ्य मोडून अर्धा अर्धा. त्या दिवशी तिशीच्या त्या मुलीनं मला हळूच विचारलं, "बायकोला लागली तर कोण देतं?" मावशीकडंही त्याला उत्तर नव्हतं. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

आणि माझी चूक. मास्तर एका रविवारी रात्री गेले. रविवारचा दिवस आमच्याकडं वाईटच, मशीन बंद, मधलं अंतर मोठं. सोमवारी शिफ्टला मी सगळ्यांना सांगितलं, मास्तरांना पुण्याला हलवलंय. आणि त्यांच्या खाटेवर वेटिंगचा माणूस घेतला. मशीन रिकामं ठेवता येत नाही, ते खरंच आहे. पण खोटं बोलायची गरज नव्हती. कुणी काही बोललं नाही. मशीनचे आवाज तेवढे. तिसऱ्या तासाला मावशीनं बोलावलं. "रात्रीच कळलं आम्हाला. त्यांच्या मुलानं ड्रायव्हरला फोन केला व्हता." मी गप्प. "आमच्यातलं माणूस गेलं तर आम्हालाच कळू ने व्हय? उद्या मी गेल्यावर बी पुण्यालाच धाडशील मला?"

आता मी सांगते. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी, सुया टोचायच्या आधी, उभ्या उभ्याच. कोण गेलं, कधी गेलं. त्या दिवशी तिसऱ्या तासाला कुणीतरी त्या माणसाचं काही काढतं. मास्तरांच्या वेळी उशिरा का होईना ड्रायव्हरनं जयप्रकाशांची गोष्ट नव्या माणसाला सांगितली. सगळी चुकीची सांगितली, मोरारजींच्या जागी यशवंतराव घातले आणि जसलोक पुण्यात आणून ठेवलं. कुणी दुरुस्त केलं नाही.

अण्णाही आता नाहीत. मावशी आहे, त्याच तिसऱ्या खाटेवर. फिस्टुला एकदा बंद पडला, दुसऱ्या हातात केला, चुडा डाव्या हाताला गेला. ड्रायव्हर आता रात्रीच्या गाडीवर जात नाही, गावातच छोटंसं मोबाइलचं दुकान टाकलंय.

गेल्या महिन्यात कॉलेजातली एक मुलगी आली. मानेत नळी, सोबत वडील, ते खोलीबाहेर थांबलेले. तिला मी ड्रायव्हरच्या शेजारची खाट दिली, आणि जरा लांब जाऊन उभी राहिले. मला वाटलं, आता हा तिला हात दाखवील, भुंगा दाखवील, सहा वर्षांचं काढील. तो बराच वेळ मोबाइलमध्येच होता. ती छताकडं बघत होती. अर्ध्या तासानं त्यानं तिच्याकडं न बघताच सांगितलं, "चार्जर उजव्या बाजूच्या पॉइंटला लाव. डावीकडचा सैल हाय, मधीच बंद पडतो. आणि चार तास हायत, पिक्चर आधीच डाउनलोड करून आणायचा, इथं रेंज नाय."

ती म्हणाली, "चार्जर नाही आणला."

त्यानं स्वतःचा काढून तिच्याकडं सरकवला. वायर पुरेना, म्हणून मला हाक मारली.